ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा संगणक गिअर कधी बदलायचा हे कसं ठरवतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"गिअर नीट बदलत नाही" अशी तक्रार आली की आधी तिचे दोन भाग करावेत. गिअर चुकीच्या वेळी बदलतोय, की वेळ बरोबर असूनही वाईट रीतीने बदलतोय? पहिल्याचं मूळ बहुतेकदा संगणकाला मिळणाऱ्या माहितीत असतं, दुसऱ्याचं ऑइल, दाब आणि क्लचमध्ये. हा फरक न केल्यामुळे धडधाकट गिअरबॉक्स खाली उतरवले जातात. इथली उत्तरं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे देणारा भाग) आणि प्लॅनेटरी गिअर (एका मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या लहान गिअरचा संच) असलेल्या नेहमीच्या ऑटोमॅटिकबद्दल आहेत. सीव्हीटी, ड्युअल क्लच आणि एएमटी यांच्यासाठी शेवटाकडे वेगळा प्रश्न आहे.

संगणक नेमकं काय पाहून गिअर ठरवतो?

मुख्य गोष्टी दोन: ॲक्सिलरेटर किती दाबलाय आणि गाडी किती वेगाने चालली आहे. वेग गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवरचा (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावरचा) सेन्सर सांगतो, पेडलची स्थिती इंजिनच्या संगणकाकडून कळते.

त्यावर बाकीची माहिती चढत जाते. इंजिन या क्षणी किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतंय, टर्बाइन शाफ्ट (कन्व्हर्टरकडून ताकद आत आणणारा, म्हणजे इनपुट) किती आरपीएमने (मिनिटाला किती फेऱ्यांनी) फिरतोय, गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान काय, ब्रेक दाबलेला आहे का, लिव्हर कुठे आहे, आणि नव्या गाड्यांत स्टिअरिंग किती वळवलंय हेसुद्धा. वळणात असताना अचानक गिअर बदलला तर गाडीचा तोल ढळू शकतो, म्हणून काही संगणक तेवढा वेळ थांबतात.

पेडल कोणत्या गतीने दाबलं यालाही महत्त्व आहे. ४० टक्क्यांपर्यंत हळूहळू नेलेलं पेडल आणि तिथवर झटक्यात नेलेलं पेडल यांतून संगणक वेगवेगळे अर्थ काढतो.

'शिफ्ट मॅप' म्हणजे काय?

एक आलेख डोळ्यांसमोर आणा. आडव्या अक्षावर गाडीचा वेग, उभ्या अक्षावर पेडलची टक्केवारी. त्यावर प्रत्येक दोन गिअरमध्ये एक तिरकी रेषा असते. गाडीचा बिंदू ती रेषा डावीकडून उजवीकडे ओलांडतो तेव्हा वरचा गिअर मागितला जातो.

समजण्यापुरते आकडे घ्यायचे तर, पेडल १५ टक्के असताना दुसऱ्यातून तिसरा ताशी २५ किलोमीटरला पडेल आणि ८० टक्के असताना तोच बदल ७० च्या पुढे जाईल. खरे आकडे प्रत्येक इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडीसाठी वेगळे असतात.

संगणकात असा एकच नकाशा नसतो. नेहमीचा, स्पोर्टचा, इकोचा, थंड इंजिनाचा, चढाचा, तापलेल्या ऑइलचा असे अनेक असतात, आणि परिस्थिती बदलली की संगणक एका नकाशावरून दुसऱ्यावर जातो. स्पोर्टचं बटण दाबल्यावर गिअर उशिरा पडतात याचं कारण हेच. इंजिनाची ताकद त्या बटणाने वाढत नाही.

त्याच वेगाला वर गेलेला गिअर त्याच वेगाला खाली का येत नाही?

खाली येण्याच्या रेषा मुद्दाम डावीकडे सरकवलेल्या असतात. वरच्या उदाहरणात तिसरा गिअर २५ ला लागला, तरी दुसरा परत १६–१७ ला येईल. दोन्ही रेषा एकावर एक असत्या, तर २५ च्या आसपास रेंगाळणाऱ्या गाडीने दर दोन सेकंदांनी गिअर बदलला असता. ऑइल तापलं असतं आणि क्लच झिजले असते.

एवढं अंतर ठेवूनही गाडी लांब चढावर दोन गिअरमध्ये सारखी ये-जा करत असेल, तर लिव्हर मॅन्युअलमध्ये घेऊन खालचा गिअर धरून ठेवा.

संगणक नव्हते तेव्हा हे कसं चालायचं?

सगळं ऑइलच्या दाबावर चालायचं. १९४० च्या मॉडेलच्या ओल्डस्मोबिल गाड्यांत आलेला जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक हा मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि त्यात एकही वायर निर्णय घेत नव्हती. अशा गिअरबॉक्समध्ये आउटपुट शाफ्टबरोबर फिरणारा गव्हर्नर वेगानुसार दाब वाढवतो, तर थ्रॉटलला जोडलेला व्हॉल्व्ह पेडलनुसार. व्हॉल्व्ह बॉडीतल्या (ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या ठोकळ्यातल्या) एका लहान सळईच्या एका टोकाला वेगाचा दाब, दुसऱ्या टोकाला पेडलचा दाब आणि स्प्रिंग. जी बाजू जिंकेल तिकडे सळई सरकते आणि गिअर बदलतो. आजचा शिफ्ट मॅप म्हणजे हीच रस्सीखेच आकड्यांत मांडलेली आहे.

गिअर ठरला, पण तो प्रत्यक्षात बदलतो कसा?

निर्णयाला क्षणभर पुरतो. खरं कौशल्य त्यानंतरच्या साधारण अर्ध्या सेकंदात लागतं.

संगणकाच्या हातात सोलेनॉइड असतात, म्हणजे विजेवर उघडझाप होणारे छोटे व्हॉल्व्ह. काही फक्त चालू-बंद होतात. काहींना करंट कमी-जास्त देऊन दाब हवा तेवढा ठेवता येतो. हा दाब क्लचच्या पिस्टनवर जातो आणि प्लेटा आवळल्या जातात. वरचा गिअर टाकताना क्रम असा असतो.

आधी नव्या क्लचचा पिस्टन ऑइलने भरला जातो. प्लेटांमध्ये थोडी मोकळी जागा असते, ती संपेपर्यंत गाडीत काहीच जाणवत नाही. याला एक-दोन दशांश सेकंद लागतात. मग जुना क्लच सैल होत जातो आणि नवा भार उचलतो. या टप्प्यात इंजिनाचे आरपीएम बदलत नाहीत, पण चाकांकडे जाणारी ओढ किंचित घटते. शेवटी आरपीएम खाली येतात आणि नव्या गिअरशी जुळतात. नेमक्या त्या वेळी गिअरबॉक्सचा संगणक इंजिनाच्या संगणकाला टॉर्क क्षणभर कमी करायला सांगतो. पेट्रोल इंजिन ठिणगी उशिरा टाकून तो कमी करतं, डिझेल इंजिन इंधन कमी करून.

नवा क्लच उशिरा आला तर दोन्ही सुटलेले राहतात आणि इंजिन मोकळं ओरडतं. लवकर आला तर दोन्ही एकाच वेळी आवळले जातात आणि गाडीला दाबल्यासारखा झटका बसतो. तक्रार ऐकताना "आवाज आधी चढतो की झटका आधी बसतो?" हे म्हणूनच विचारायचं. त्या एका उत्तरावरून तपासणीची दिशा ठरते.

गिअर खरोखर लागला हे संगणकाला कसं कळतं?

गुणाकार करून. आठ गिअरच्या एका प्रचलित गिअरबॉक्समध्ये, झेडएफ ८एचपीमध्ये, तिसऱ्याचं गुणोत्तर सुमारे २.१० आणि चौथ्याचं १.६७ आहे. आउटपुट शाफ्ट १००० आरपीएमने फिरत असेल, तर तिसऱ्यात इनपुट २१०० असायला हवा आणि चौथ्यात १६७०. म्हणजे हा गिअर बदलताना इनपुटला ४३० आरपीएम उतरायचं असतं. ते किती वेळात आणि किती सरळ उतरले हे संगणक मोजतो.

चौथा लागून बराच वेळ झाला तरी इनपुट १८५० च दाखवत असेल, तर १८० आरपीएमची घसरण आहे. संगणक आधी दाब वाढवून पाहतो. तरी घसरण थांबली नाही तर चुकीच्या गुणोत्तराचा कोड (दोषाचा क्रमांक) नोंदवतो. पण एखाद्या स्पीड सेन्सरची वायर सैल असली तरी गणित असंच चुकतं, आणि क्लच शाबूत असूनही कोड तोच येतो.

सकाळी थंड गाडी गिअर उशिरा का टाकते?

मुद्दाम. आरपीएम थोडे जास्त राहिले की इंजिन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) लवकर गरम होतात. शिवाय थंड ऑइल दाट असतं, पिस्टन भरायला वेळ लागतो, त्यामुळे बदलही किंचित जड वाटतो. काही किलोमीटरनंतर हे गेलं पाहिजे. गाडी पूर्ण गरम झाल्यावरही तसंच वागत असेल, तर ऑइलच्या तापमानाचा सेन्सर स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) पाहा. अर्धा तास चालवल्यावरही तो २० अंश सेल्सिअस दाखवत असेल, तर संगणक दिवसभर थंड नकाशावरच गाडी चालवतोय.

शेवटचा गिअर लागल्यावरही आणखी एक गिअर पडल्यासारखं का वाटतं?

तो टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच. तो लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमार्फत न जोडता जवळजवळ थेट जोडले जातात आणि आरपीएम थोडे उतरतात. नव्या गाड्यांत हा क्लच कमी वेगालाही लागतो आणि बऱ्याचदा पूर्ण न आवळता २०–५० आरपीएम घसरत ठेवला जातो, म्हणजे इंजिनाची थरथर आत येत नाही.

ताशी ५० ते ८० च्या दरम्यान, हलक्या पेडलवर, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी गाडी थरथरत असेल, तर एक सोपी परीक्षा आहे. मागे कोणी नाही हे पाहून, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून, डाव्या पायाने ब्रेकला फक्त दिवा लागेल इतका स्पर्श करा. बहुतेक गाड्यांत त्याने लॉकअप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय लॉकअप क्लच किंवा जुन्या, चुकीच्या ऑइलवर जातो. थांबली नाही तर आधी इंजिनाचा मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं) तपासा.

चढ-उतार संगणकाला दिसतो का?

रस्ता दिसत नाही, पण त्याचा अंदाज बांधता येतो. इंजिन एवढा टॉर्क देतंय, गाडीचं वजन साधारण एवढं, म्हणजे वेग इतका वाढायला हवा. तेवढा वाढत नसेल तर चढ आहे किंवा गाडीवर ओझं आहे, आणि दोन्हींचा इलाज एकच: खालचा गिअर जास्त वेळ धरणे. पेडल सोडलेलं असूनही वेग वाढत असेल तर उतार. त्यात ब्रेक दाबला की अनेक संगणक एक गिअर खाली घेतात, म्हणजे इंजिन गाडीला आवरतं. लांब उतारावर मात्र संगणकावर भरवसा न ठेवता हे काम स्वतः करा. ब्रेक तापून निकामी होण्यापेक्षा इंजिनाचा आवाज चढलेला परवडला.

पूर्ण पेडल दाबल्यावर गाडी लगेच का उसळत नाही?

खालचा गिअर टाकताना क्रम उलटा असतो. आधी जुना क्लच सैल करून इंजिनाला खालच्या गिअरच्या आरपीएमपर्यंत चढू द्यावं लागतं, मगच नवा क्लच आवळता येतो. म्हणून आवाज आधी येतो, ओढ नंतर. आठव्यातून थेट चौथ्यात जायचं असेल तर आरपीएमची उडी मोठी, म्हणून वेळही जास्त. ओव्हरटेक करायचं हे माहीत असेल तर काही सेकंद आधीच मॅन्युअलमध्ये एक-दोन गिअर उतरवून ठेवा.

मॅन्युअलमध्ये टाकलेला गिअर संगणक कधी नाकारतो?

खालच्या गिअरने इंजिन लाल रेषेपलीकडे जाणार असेल तेव्हा, किंवा वरच्या गिअरने ते धापा टाकणार असेल तेव्हा. तुम्ही बटण दाबून फक्त विनंती करता.

"गिअरबॉक्स शिकतो" म्हणतात, ते खरं आहे का?

खरं आहे, पण यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात.

एक, चालवण्याची सवय. गेल्या काही मिनिटांत पेडल कसं वापरलं यावरून नकाशा निवडला जातो. ही स्मृती छोटी असते आणि पुढच्या चालकाबरोबर पुसली जाते.

दुसरी, जास्त महत्त्वाची, क्लचच्या झिजेची भरपाई. प्लेटा झिजल्या की मोकळी जागा वाढते आणि पिस्टन भरायला जास्त ऑइल लागतं. संगणक प्रत्येक बदलात थोडी घसरण किंवा थोडा झटका मोजतो आणि पुढच्या वेळी भरण्याचा वेळ आणि दाब जरासा हलवतो. या भरपाईला मर्यादा असते. ती संपली की बदल बिघडायला लागतात. म्हणून स्कॅनरवर प्रत्येक क्लचच्या भरपाईचे आकडे दिसत असतील तर ते लिहून ठेवा. एकच क्लच टोकाला आणि बाकी मधोमध असेल, तर गाडी न उघडताच दोष कुठे आहे ते कळतं.

व्हॉल्व्ह बॉडी, सोलेनॉइड किंवा क्लच बदलले तर जुनी भरपाई नव्या भागांना लागू पडत नाही, ती स्कॅनरने पुसून नव्याने शिकवावी लागते. क्रम साधारण असा: गाडी चालवून ऑइल दुरुस्तीच्या पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला आणा. भरपाई पुसा. ब्रेक धरून न्यूट्रलमधून ड्राइव्ह आणि न्यूट्रलमधून रिव्हर्स असं प्रत्येकी चार-पाच वेळा करा, दर वेळी काही सेकंद थांबा. मग मोकळ्या रस्त्यावर हलक्या, स्थिर पेडलने सगळे गिअर वर जाऊ द्या आणि पेडल सोडून गाडी हळूहळू थांबवा. हे आठ-दहा वेळा. या काळात पेडल झटकन दाबलं तर संगणक तो बदल मोजणीत घेतच नाही. अशी भरपाई विनाकारण पुसू नका. झिजलेल्या क्लचवर ती पुसली की सांभाळून घेतलेला गिअरबॉक्स लगेच झटके देऊ लागतो.

गिअर बदलताना झटका बसतो. तपासणी कुठून सुरू करावी?

आधी ऑइलची पातळी, आणि तीही बरोबर तापमानाला. बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना ऑइल मोजायची काडी नसते. इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरलेल्या तापमानाला (अनेकांत ३५ ते ४५ अंश) असताना पातळीचा बोल्ट उघडायचा आणि ऑइल बारीक धारेने येतंय का पाहायचं. गरम ऑइल फुगतं. त्यामुळे ८० अंशांना पातळी बरोबर दिसली तर थंड झाल्यावर ऑइल कमीच असतं. कमी ऑइलने पंप हवा ओढतो, आणि वळणावर किंवा चढावर गिअर सुटल्यासारखा होतो. जास्त ऑइलचा फेस होतो, आणि परिणाम जवळपास तोच. ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट मिसळलंय. त्याने क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर सुटतं, गाडी तशीच चालवू नका.

मग सगळ्या संगणकांचे कोड वाचा, फक्त गिअरबॉक्सचे नाही. पी०७०० हा निव्वळ निरोप आहे, खरा कोड गिअरबॉक्सच्या संगणकात असतो. पी०७०५ लिव्हरची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरचा, पी०७१५ इनपुटच्या आणि पी०७२० आउटपुटच्या वेगाचा, पी०७३० चुकीच्या गुणोत्तराचा, पी०७४१ लॉकअपचा, पी०७५० पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडचा.

त्यानंतर कनेक्टर. तो काढून आत ऑइल आहे का पाहा. काही गिअरबॉक्समध्ये कनेक्टरच्या सीलमधून गळलेलं ऑइल तारांच्या आतून चढत संगणकापर्यंत पोहोचतं. सोलेनॉइडचा रोध मोजा: चालू-बंद प्रकारात तो बहुधा १० ते २० ओहम असतो, दाब नियंत्रित करणाऱ्यात साधारण ३ ते ७, अचूक आकडा पुस्तिकेत. रोध बरोबर आला म्हणून सोलेनॉइड चांगला असं मात्र नाही. बारीक धातूच्या चुऱ्याने अडकलेला सोलेनॉइडही मीटरवर निर्दोष दिसतो. म्हणून शेवटी दाबमापक लावून लाइनचा दाब (पंपाकडून येणाऱ्या ऑइलचा मुख्य दाब) पाहायचा. गिअरबॉक्स उतरवण्याचा विचार त्यानंतर.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आणि दिवा लागला. हे काय?

ही सुरक्षित अवस्था आहे. संगणकाला आपल्या माहितीवर किंवा सोलेनॉइडवर विश्वास उरला नाही की तो त्यांची वीज तोडतो. व्हॉल्व्ह बॉडी अशी बनवलेली असते की वीज नसतानाही एक मधला गिअर आणि रिव्हर्स मिळेल. इंजिन बंद करून चालू केल्यावर गाडी पुन्हा नीट चालली तरी दोष गेलेला नाही. कोड पुसण्यापूर्वी वाचून घ्या.

बॅटरी किंवा टायर यांचा गिअरशी काही संबंध?

दोन्हींचा आहे. सोलेनॉइडला पुरेसा व्होल्टेज लागतो. स्टार्ट करताना बॅटरी फार खाली जात असेल, तर संगणक क्षणभर बंद पडून चुकीचे कोड टाकतो. एकाच वेळी पाच-सहा असंबद्ध कोड आले तर आधी बॅटरी आणि अर्थिंग तपासा. मूळ मापापेक्षा मोठे टायर लावले की इंजिनावर भार वाढतो आणि वेगाचं गणितही सरकतं, मग गिअर नेहमीच्या वेगाला न बदलता मागेपुढे बदलल्यासारखे वाटतात.

ऑइल बदलल्यावर गिअरबॉक्स बिघडला असं ऐकतो. ऑइल बदलूच नये का?

बदलावं, वेळेवर. तळाचा बोल्ट काढला की बहुधा निम्मंच ऑइल येतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. निघालं तेवढं मोजून तेवढंच, त्याच दर्जाचं भरा, मग पातळी पाहा. ऑइलनंतर लगेच आलेल्या तक्रारींमागे बऱ्याचदा चुकीचं ऑइल, चुकीची पातळी किंवा आधीच जळालेले क्लच असतात. ऑइल काळं आणि करपट वासाचं असेल तर ते बदलून क्लच परत येणार नाही.

सीव्हीटी, ड्युअल क्लच आणि एएमटीमध्येही हेच घडतं का?

निर्णयाची बाजू सारखी, अंमलबजावणी वेगळी. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात. संगणक पेडल आणि वेगावरून इंजिनाला हवे ते आरपीएम ठरवतो आणि पुलीचा व्यास त्यानुसार हलवतो. ड्युअल क्लचमध्ये विषम आणि सम गिअर वेगवेगळ्या क्लचवर असतात, आणि पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो. वर जाल असा अंदाज करून संगणकाने तो लावला आणि तुम्ही एकदम पेडल दाबलं, तर आधी तो बदलावा लागतो आणि उशीर होतो. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, त्याचा क्लच आणि गिअर मोटर किंवा हायड्रॉलिकने हलवले जातात. एकच क्लच असल्यामुळे बदलताना ओढ तुटते आणि मान पुढे जाते. बदलाच्या क्षणी पेडल किंचित सैल केलं तर तो धक्का बराच कमी होतो.

थांबलेलो असताना न्यूट्रल करावा का?

थोड्या वेळासाठी गरज नाही. अनेक संगणक ब्रेक दाबलेला असताना आतला क्लच स्वतःच सैल करतात. पण गाडी चालत असताना उतारावर न्यूट्रल कधीही करू नका. इंजिनाचा आवर जातो, आणि परत ड्राइव्हमध्ये टाकताना क्लचला आरपीएमचा सगळा फरक एका झटक्यात झेलावा लागतो. बंद पडलेली गाडी चाकांवर ओढून नेणंही असंच घातक. पंप इंजिनावर चालतो, म्हणून इंजिन बंद असताना फिरणाऱ्या गिअरना ऑइल मिळत नाही. चालवणारी चाकं जमिनीवरून उचलून किंवा गाडी ट्रकवर चढवूनच न्या. चारही चाकांवर ताकद जाणारी गाडी असेल तर फक्त ट्रकवर.